हातात राहिलेल्या जुड्या

लोणावळ्याहून सोलापूरला परतले, तर घरात पाऊल टाकल्याबरोबर आईने पिशवी ओढून घेतली आणि चिक्की शोधायला लागली. पिशवीत चिक्की नव्हती. पाच किलो इंद्रायणी तांदूळ होता आणि चिखल वाळून दगड झालेला एकच बूट होता. दुसरा बूट औंढे गावातल्या एका भातखाचरात राहिला आहे. चार दिवस तिकडे राहून मी एकही पॉइंट बघितला नाही, एकही धबधबा बघितला नाही, हे ऐकून शेजारच्या काकूंनी माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. मग तिकडे केलंस तरी काय, असं ज्याने त्याने विचारलं. सांगायला बसलं की दुसऱ्या वाक्याला लोक जांभया देतात, म्हणून लिहूनच काढते आहे.

मी घरी बसून पुण्यातल्या एका लहानशा कंपनीसाठी काम करते. संगणकात आपण जे काही चालवतो त्या सगळ्याच्या तळाशी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. माझं काम त्या गाभ्यात. आईच्या मते मी दिवसभर दार लावून संगणकाशी भांडते, आणि ते फारसं चूक नाही. फक्त हे भांडण मला फार चांगलं जमतं, असा माझा पक्का समज होता.

सोमवारी सकाळी आमच्या सरांचा फोन आला. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात ब्रेकच्या चकत्या गरागरा फिरवून तपासायचं मशीन आहे. शनिवारी त्यावर एक चकती फुटली. तुकडा जाळी फोडून बाहेर आला आणि मशीन चालवणाऱ्या माणसाच्या खांद्याला लागला. त्या मशीनवर लक्ष ठेवणारा संगणक आमचा. आणि त्याच्या आतली, धक्के मोजणारी गणती माझी. दोन महिन्यांपूर्वीच मी ती नव्याने लिहिली होती आणि सरांनी चारचौघांत माझं कौतुक केलं होतं. रात्रीच्या बसने निघाले. वाटेत झोप आली नाही, एवढंच त्या बसबद्दल सांगण्यासारखं आहे.

मंगळवार, नवलाख उंबरे

एका बाजूला भाताची हिरवीगार खाचरं, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडची रांग, मधून कंटेनर जाणारा रस्ता. आमच्याकडे औद्योगिक वसाहत म्हटलं की धूळ आणि बाभळी. इथे कारखान्याच्या भिंतीवरही शेवाळ. फाटकावर फोन जमा करून घेतला. आत फोन नेऊ देत नाहीत, लाकडी खणात ठेवून पितळी बिल्ला देतात.

शिफ्टचे सुपरवायझर शिंदे साहेब मला मशीनपाशी घेऊन गेले. मृदू बोलणारे, नीटनेटके गृहस्थ. मशीन लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. जाळीला एका ठिकाणी ताटाएवढं भोक पडलं होतं. त्याच्या समोरच, जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापाशी, मशीन चालवणारा उभा राहतो. मी तिथे उभी राहून भोकातून आत बघितलं आणि एक पाऊल मागे सरले.

शिंद्यांनी सगळं समजावून सांगितलं. चकतीला तडा असेल तर ती फिरताना धक्के बसतात. मर्यादेबाहेरचा प्रत्येक धक्का संगणक मोजतो. दोनशे धक्के झाले की लाल दिवा लागतो आणि मशीन आपोआप थांबतं. शनिवारी ते थांबलं नाही. अपघाताचा नियम म्हणून संगणकाला कुणी हात लावला नव्हता. प्लास्टिकच्या कागदाखाली तो बॅटरीच्या आधारावर तसाच चालू होता. पडद्यावर आकडा होता शहाण्णव.

मशीनवर सुभाष नावाचे गृहस्थ होते, बावीस वर्षं याच कारखान्यात. त्यांचं म्हणणं, मशीन बराच वेळ थरथरत होतं, दिवा हिरवाच होता, शेवटी न राहवून त्यांनी लाल बटण दाबलं आणि तेवढ्यात चकती फुटली. पण त्यांचं म्हणणं कोण धरणार?

"गणती खोटं बोलत नाही ना मॅडम," शिंदे म्हणाले. "शहाण्णव म्हणजे धक्के फारसे बसलेच नाहीत. म्हणजे चकतीचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते आणि ती एकदम निसटली. शुक्रवारी दहाला चौकशी आहे. मला वाईट वाटतं, पण बहुतेक त्यांना काढतील."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. ज्याचं नाव ऐकून दहा मिनिटंही झाली नव्हती त्या माणसाची नोकरी जाणार होती आणि मला हायसं वाटलं, कारण आकडा माझ्या बाजूने बोलत होता. गुरुवारी तीन वाजता संगणक बंद करून त्यात आमच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती टाकायची आणि शुक्रवारी चौकशीपुढे सगळं व्यवस्थित चालू दाखवायचं, असं आमचं ठरलं. ही वेळ मीच सुचवली होती.

इथे माझ्या कामाबद्दल चार ओळी वाचाव्या लागतील, त्याला इलाज नाही. त्या संगणकात आठ प्रोसेसर आहेत, म्हणजे एकाच स्वयंपाकघरात आठ जणी. धक्का आला की ज्या प्रोसेसरला सापडेल तो तो मोजतो. आधी सगळ्यांची मिळून एकच गणती होती. प्रोसेसर स्मृतीतला एखादा आकडा सुटा उचलत नाही, त्याच्या आजूबाजूचे मिळून चौसष्ट बाइट एकदम उचलतो. चिमूटभर हळद हवी असली तरी मसाल्याचा अख्खा डबा घ्यावा लागतो तसं. मग एकीच्या हातातून डबा दुसरीने ओढायचा, दुसरीच्या हातातून तिसरीने, आणि या ओढाओढीत काही धक्के मोजायचेच राहून जायचे. मी काय केलं, तर प्रत्येक प्रोसेसरला वेगळी गणती दिली आणि प्रत्येक गणती चौसष्ट बाइटांच्या वेगळ्या डब्यात ठेवली. प्रत्येकाने आपापलं मोजायचं आणि बत्तीस झाले की सगळ्यांच्या मिळून एका मोठ्या आकड्यात टाकायचे. ओढाओढ संपली. एकही धक्का सुटेना. कौतुक झालं ते याचंच.

बुधवार, कुरवंडे

कारखान्याजवळची लॉजं भरलेली होती, म्हणून शिंद्यांनी माझी सोय कुरवंड्याला एका घरी केली होती. कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांना ते नेहमी तिथेच पाठवतात. गाव लोणावळ्याच्या वर, नागफणीच्या कड्याकडे जाणाऱ्या वाटेवर. नागफणी म्हणे घरामागूनच दिसते. मला घरामागचा गोठासुद्धा दिसला नाही, इतकं धुकं. सोलापूरच्या माणसाला ओलं म्हणजे काय ते इथे कळतं. अंथरूण ओलं, मीठ ओलं, काडेपेटी ओली. टॉवेल तर मी आणल्यापासून वाळलाच नाही.

घर मंदामावशींचं. साठीच्या, बारीक चणीच्या. हात सारखे चालू. सकाळी त्यांनी तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली. दुपारी खेकड्यांचं कालवण. खेकडा कसा फोडायचा ते मला येईना, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेली माणसं आम्ही. मावशींनी न बोलता माझ्या ताटातला खेकडा उचलला, फोडला आणि परत ठेवला. एवढी माया करणारी बाई माझ्याशी बोलत मात्र नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर, बाकी गप्प.

दिवसभर मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून माझीच आज्ञावली वाचत होते. सगळं जागच्या जागी होतं. दोन महिन्यांपूर्वी मीच लिहून ठेवलेली टीपही सापडली: मोठा आकडा खऱ्यापेक्षा थोडा मागे राहू शकतो, फरक नगण्य. नगण्य या शब्दापाशी मी थोडी थांबले आणि पुढे गेले. का गेले, ते आता कळतं. तिथे जास्त वेळ थांबायची मला भीती वाटली. संध्याकाळी सरांचा फोन आला. आकडा शहाण्णव आहे ना, मग आपला प्रश्न नाही, नवी आवृत्ती टाक आणि ये, म्हणाले. मी हो म्हटलं.

फोन ठेवला तर मावशी दारात उभ्या.

"त्या मशीनीचंच काम न्हवं तुमचं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "सुभाष माजा धाकला भाऊ. औंड्याला ऱ्हातो."

मी लॅपटॉप मिटला. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की कारखान्यात सगळ्यांनी संगणकाला विचारलं, त्याला कुणी विचारलंच नाही. "उंद्या आमची आवणी हाये तितं. कारखान्यात जायाच्या वाटंवरच पडतंय. एकडाव त्याला इचारा, मंग तुमाला काय करायचं ते करा."

गुरुवार, औंढे

आवणी म्हणजे भाताची लावणी. सकाळी नऊला पोचलो तेव्हा खाचरात पाच बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या होत्या. पाठीवर प्लास्टिकचे कागद, तोंडाने गप्पा. वरच्या अंगाला रोपांचा वाफा. तिथून रोप उपटायचं, जुडी बांधायची, जुड्या कडेवर घेऊन खाली खाचरात आणायच्या आणि लावायच्या. मी बांधावरून चालण्याची ऐट केली आणि चौथ्या पावलाला खाचरात गेले. पाय बाहेर आला, बूट आला नाही. बायका पोटभर हसल्या. त्या दिवसातलं हसणं तेवढंच.

सुभाषभाऊ बांधावर बसले होते. पन्नाशीचे, डावा खांदा पट्ट्यांत गुंडाळलेला. वाकता येत नाही म्हणून त्यांना बसून करायचं काम दिलं होतं. मी कोण ते मावशींनी सांगितलं. त्यांनी मला बसायला पोतं दिलं. राग असेल तर तो दिसला नाही, आणि त्याने मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

शनिवारी काय झालं ते मी विचारलं. त्यांनी सावकाश, काही वाढवून न सांगता सांगितलं. बोल्ट त्यांनी स्वतः आवळले होते, दोनदा. मशीन थरथरायला लागलं तसं त्यांनी पडद्याकडे बघितलं.

"आकडा बत्तीस व्हता. मंग लय येळानं एकदम चौसष्ट. मंग शहाण्णव. मदलं कायच न्हाई. शहाण्णववर थांबलं त्ये थांबलंच, आन् मशीन तर हादरतंय. मला वाटलं, आपल्यालाच भास हुतोय."

मी वहीत लिहून घेतलं, पण मनातल्या मनात म्हटलं, घाबरलेल्या माणसाला मधले आकडे कुठले दिसणार?

बोलता बोलता ते एक काम करत होते. त्यांच्यापुढे कारवीच्या काड्या ओळीने खोचलेल्या होत्या. बायका अधूनमधून ओरडून सांगायच्या, धा झाल्या, की ते एक काडी खोचायचे. काय मोजता, असं विचारलं. वाफा दोन घरांचा होता, त्यांचा आणि चुलत्याचा. यांच्या वाट्याच्या दोनशे चाळीस जुड्या. एकही जास्त उपटायची नाही, उपटलेलं रोप परत नीट लागत नाही. प्रत्येक बाई आपापलं मनात मोजते आणि दहा झाल्या की सांगते. प्रत्येक जुडीला ओरडत बसलं तर काम व्हायचं नाही आणि मोजणाराही वेडा व्हायचा.

एकविसावी काडी खोचली आणि सुभाषभाऊ एकदम उठून उभे राहिले. हात वर करून त्यांनी सगळ्यांना थांबवलं. बायका होत्या तिथे ताठ झाल्या. मग ते एकेकीला नावाने विचारत गेले, मागच्या काडीनंतर किती? सात. चार. नऊ. सहा. पाच. त्यांनी बोटांवर बेरीज केली. दोनशे एक्केचाळीस. एक जुडी वर जाऊन चुलत्याच्या वाटणीत ठेवली गेली आणि उपटणं बंद झालं.

मी विचारलं, काड्या तर एकवीसच होत्या, दोनशे दहा. अजून तीस बाकी असताना थांबवलं कशाला?

"काड्या निस्त्या अंदाजाला, ताई. परतेकीच्या हातात काय ना काय ऱ्हातंयच. मोप बाकी हाये तवर काड्यांवर चालतंय. जवळ आलं की समद्यांना थांबवून हातातलं इचारायचं. न्हाईतर बांधावर कमी दिसतंय आन् वाफा तर संपलाय."

बत्तीस, चौसष्ट, शहाण्णव. बत्तीस त्रिक शहाण्णव. मला शाळेतला पाढा ऐकू आला.

त्यांना काहीच भास झाला नव्हता. प्रत्येक प्रोसेसर बत्तीस झाले तरच पडद्यावरच्या मोठ्या आकड्यात टाकत होता. म्हणजे एकेकाच्या हातात एकतीसपर्यंत धक्के न सांगितलेले राहू शकत होते. घरी माझ्या चाचणीच्या संगणकात प्रोसेसर चार आणि थांबायची मर्यादा हजार. चार एकतीस एकशे चोवीस, हजारापुढे नगण्य. इथे प्रोसेसर आठ. आठ एकतीस दोनशे अठ्ठेचाळीस. आणि मर्यादा दोनशे. मंगळवारी शिंद्यांनी दोनशे म्हटलं तेव्हा मी ते ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं. मशीन थांबवायचं की नाही ते मी बांधावरच्या काड्या बघून ठरवायला लावलं होतं, आणि हातातलं कधी विचारलंच नव्हतं.

आणि ते हातातलं अजून तिथेच होतं. संगणक शनिवारपासून चालू होता. आठही प्रोसेसरांचे उरलेले धक्के स्मृतीत जसेच्या तसे पडून होते. संगणक बंद केला की ते पुसले जाणार, आणि ते पुसायची वेळ मीच ठरवून दिली होती. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

शिंद्यांना फोन लावला. वाजत राहिला. तो फाटकावरच्या लाकडी खणात वाजत होता.

औंढे ते नवलाख उंबरे

सुभाषभाऊंना मी एवढंच म्हटलं की तीनच्या आत मला त्या संगणकापाशी पोचायचं आहे, त्यात तुमचं खरं अजून शिल्लक आहे. त्यांनी जास्त विचारलं नाही. मोटारसायकल दाखवली, एका हाताने चालवता येत नाही म्हणाले आणि सरळ किल्ली माझ्यापुढे धरली. सोलापुरात मी स्कूटर चालवते, गिअरची गाडी कॉलेजनंतर चालवली नव्हती. एका पायात बूट, दुसऱ्यात मावशींची चप्पल, मागे पट्ट्यांतला माणूस आणि समोर पाऊस. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा मागून शांतपणे आवाज आला, क्लच सावकाश सोडा.

जुन्या हायवेवर कार्ला फाट्याच्या पुढे झाड आडवं पडलेलं. गाड्यांची रांग, लोक खाली उतरून कणसं खातायत. दीड वाजून गेला होता. सुभाषभाऊंनी खांद्यावर थोपटून डावीकडची पायवाट दाखवली. शेतांच्या कडेने, एका मोरीवरून पाण्यातून, कुणाच्या तरी अंगणातून आम्ही पलीकडे निघालो. अंगणातल्या आजींना त्यांनी ओळखीचा हात केला. या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, तीन म्हणजे तीनच ना, शिंदे आधी तर सुरू करणार नाहीत ना? आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती. उशीर झाला तर ती माझी चूक ठरणार नाही, असा एक हलका, घाणेरडा विचार. तो आला होता हे लपवण्यात अर्थ नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा तीनला बारा मिनिटं कमी. कामावरून दूर ठेवलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. सुभाषभाऊ पलीकडच्या चहाच्या टपरीच्या कडेला उभे राहिले. फोन जमा करणार तेवढ्यात सरांचा फोन आला. मी धाप लागलेल्या आवाजात सांगितलं. ते अगदी प्रेमाने म्हणाले की जुनं उकरू नकोस, नवीन आवृत्तीत दुरुस्त करून टाक, कुणाला कळायचं कारण नाही. मी फोन कट केला. तो पुन्हा वाजायला लागला, तसाच खणात ठेवला आणि बिल्ला घेतला.

शिंदे संगणकापाशीच होते. प्लास्टिकचा कागद घडी करून ठेवलेला, हात बटणाकडे.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "करू ना बंद?"

मी हो म्हटलं असतं तर सगळं संपत होतं. दोन महिन्यांपूर्वीचं कौतुक माझ्याकडे राहिलं असतं. मला ते हवं होतं. तेवढ्यात डोळ्यांपुढे टपरीच्या कडेला भिजत उभा असलेला माणूस आला. नको, म्हटलं. हात काढा.

कर्नलच्या स्मृतीत डोकावायचं एक साधन असतं. ते लावून मी एकेका प्रोसेसरची जागा उघडत गेले. दोनदा चुकीची जागा उघडली. आकडे मी वाचायचे आणि शिंद्यांनी त्यांच्या अक्षरात कागदावर लिहायचे, असं मीच सांगितलं, म्हणजे उद्या माझ्यावर विश्वास ठेवायची कुणाला गरज पडू नये. एकोणीस. सत्तावीस. चौदा. तीस. बावीस. अकरा. पंचवीस. एकोणतीस. शिंद्यांनी बेरीज केली, पुन्हा केली. एकशे सत्त्याहत्तर. त्यात पडद्यावरचे शहाण्णव.

दोनशे त्र्याहत्तर.

शिंद्यांनी कागद माझ्यासमोर धरला. मग म्हणाले, म्हणजे मशीन आधीच थांबायला हवं होतं. मी हो म्हटलं. त्यांनी खाली सही केली, मीही केली. बाहेर आले तर सुभाषभाऊंनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. आकडा सांगितला. त्यांनी मान खाली घातली आणि चांगल्या हाताने डोळे पुसले.

शुक्रवार, पुन्हा नवलाख उंबरे

चौकशीच्या खोलीत चार साहेब, शिंदे आणि कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले सुभाषभाऊ. मी घोकून आणलेलं सगळं विसरले आणि सरळ बोलले.

"यांनी बटण दाबलं म्हणून मशीन थांबलं. ते आपोआप थांबायला हवं होतं, ते माझ्यामुळे थांबलं नाही. धक्के बरोबर मोजले गेले होते. ते विचारायची रीत मी चुकीची लावली."

एका साहेबांनी विचारलं, म्हणजे चूक तुमच्या कंपनीची का? मी म्हटलं, माझी. पुढे बरीच विचारणा झाली, ती लिहिण्यासारखी नाही. सुभाषभाऊंना सोमवारपासून कामावर घ्यायचं ठरलं. सर माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. पुढचं काम माझ्याकडे राहील की नाही, हे लिहितानाही मला माहीत नाही.

नवी आवृत्ती मी आदल्या संध्याकाळीच तयार केली होती. आता कुणी बत्तीसची वाट बघत नाही, आठ झाले की सांगायचे. म्हणजे एकेकाच्या हातात जास्तीत जास्त सात, आठ जणांचे मिळून छप्पन्न. मोठा आकडा दोनशेला छप्पन्न कमी, म्हणजे एकशे चव्वेचाळीसला पोचला की तिथून पुढे प्रत्येक वेळी आठही जणांना हातातलं विचारायचं. औंढ्याच्या बांधावर हे असंच करतात, फक्त ते मला चाळीस हजार ओळी लिहूनही सुचलं नव्हतं.

जाळी बदललेली होती. मुद्दाम एका बाजूला जड केलेली चकती कमी वेगावर फिरवून बघायची ठरली. शिंद्यांनी सुभाषभाऊंना विचारलं, चालू करता का? ते पिवळ्या पट्ट्यापाशी गेले आणि थांबले. माझ्याकडे वळून बघितलं.

"माज्या शेजारी ताई उभ्या ऱ्हातील," ते म्हणाले. "मंग चालू करतो."

शिंदे काहीतरी म्हणणार होते. मी गेले आणि पट्ट्यावर उभी राहिले. कानांवर आवाज अडवायचे टोप लावले. मशीन सुरू झालं, जमीन तळपायाखाली हादरायला लागली. आठ, सोळा, चोवीस. सुभाषभाऊंचा उजवा हात लाल बटणावर होता. मी पडद्याकडे बघत होते, ते चकतीकडे. एकशे छत्तीस, एकशे चव्वेचाळीस, आणि आठही जणांच्या हातातले मिळून एकदम एकशे सत्तर. थरथर दाढेत जाणवायला लागली. आता आकडे एकेक करून चढत होते, मधला एकही न गाळता. एकशे नव्वद. मला पळून जावंसं वाटलं. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्याण्णव.

दोनशेला लाल दिवा लागला आणि मशीन आपोआप थांबायला लागलं. चकती पुरती स्थिर होईपर्यंत सुभाषभाऊंनी बटणावरचा हात काढला नाही. मग काढला, पँटला पुसला आणि ते पुढची चकती आणायला गेले.